वृद्धाश्रमाचे मासिक शुल्क : एक हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरांत आज केवळ वृद्ध माता-पिताच उरले आहेत. कमावती पिढी मुंबईस गेली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा घटून सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. अशा घरातील एखादी माउली अंथरुणास खिळली की वृद्धाश्रमाची चौकशी सुरू होते आणि मासिक शुल्काचा आकडा ऐकून भावंडांत वादास तोंड फुटते. म्हणूनच हा आकडा कसा बनतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

भोजन, वीज व औषधे हा खर्चाचा डोळ्यांना दिसणारा भाग होय. मोठा भार असतो तो सेवकांच्या वेतनाचा. आठवड्याचे तास १६८. एक सेवक त्यांपैकी ४८ तास काम करतो. म्हणजे अहोरात्र एक जण हजर ठेवण्यासाठी साडेतीन जणांचे वेतन द्यावे लागते. हिंडत्या-फिरत्या वृद्धांपैकी अनेकांकडे एक सेवक लक्ष देऊ शकतो. परंतु अंथरुणास खिळलेल्यांना भरवणे, कूस पालटणे व स्वच्छ ठेवणे यांसाठी अधिक हात लागतात. त्यामुळे प्रवेशाच्या वेळचे शुल्क कायम राहील, असे गृहीत धरू नये. निःशुल्क संस्थेतही हा खर्च टळत नाही. तो दाते अथवा शासन उचलते.

प्रवेशापूर्वी काही गोष्टी लेखी घ्याव्यात : अनामत रक्कम परत मिळते काय? औषधे, डायपर व रुग्णालयाचा खर्च कोणाकडे? दरवर्षी वाढ किती? आजार बळावल्यास संस्था ठेवून घेईल काय? आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय वृद्धाश्रमात साठ वर्षांवरील व्यक्तीच्या निवास, भोजन व देखभालीच्या दरमहा २५ हजार रुपयांपर्यंतच्या शुल्कावर २०१८ पासून वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मुलांनी हात झटकल्यास ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ साहाय्यास येतो. त्यानुसार न्यायाधिकरणाकडे अर्ज करून दरमहा १० हजार रुपयांपर्यंत चरितार्थाची रक्कम मागता येते. घर वा बाग मुलाच्या नावे करताना सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येते. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

भावंडांनी एकत्र बसून कोण किती देणार, हे आधीच ठरवावे. त्या हिशेबात मुंबईहून भेटीस येण्याचा प्रवासखर्चही धरावा. तो काटकसरीत वगळण्याजोगा खर्च नव्हे.