फोटोतला रवा

आधीच सांगते, माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि थोडा लाजेचासुद्धा.

मागच्या गॅदरिंगला मेसच्या मावशींचा स्टेजवर सत्कार झाला, आठवतंय? फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. नंतर मावशी म्हणाल्या, "मोठा करून दे गं, भिंतीवर लावायचाय." रूमवर येऊन फोटो उघडला आणि बघते तर काय, मावशींच्या चेहऱ्यावर कोणी रवा सांडलाय! मागच्या काळ्या पडद्यावर लाल-हिरवे ठिपके. यालाच नॉइज म्हणतात. तो प्रिंट मी दिलाच नाही. मावशी आमटी वाढताना रोज विचारायच्या, आणि मी रोज "देते ना मावशी" म्हणून ताट उचलायचे.

दोष कॅमेऱ्याचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. माझ्याकडे दादाचा जुना निकॉन डी५६०० आहे. त्याचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, तर फुल फ्रेमचा ३६ बाय २४. मोठा सेन्सर म्हणजे कमी नॉइज, असं सगळेच सांगतात. लगेच पप्पांना फोन. ते म्हणाले, "एक एफडी आहे, बघतो." ती एफडी माझ्याच पुढच्या वर्षीच्या फीसाठी ठेवलेली, हे नंतर आईकडून कळलं. तरी मी गप्पच बसले, खोटं कशाला बोलू.

मग एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर तो फोटो इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांना दाखवला. सरांनी कॅमेरा कोणता ते विचारलंच नाही. म्हणाले, "हिस्टोग्राम दाखव." सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला! सेटिंग होतं एफ ५.६, शटर १/२५०, आयएसओ ८००. आयएसओ वाढवला की नॉइज येतो असं ऐकलेलं, म्हणून ८०० च्या वर जायचंच नाही असा माझा पण. फोटो चांगला दोन स्टॉप अंधारा आला आणि मी तो कॉम्प्युटरवर उजळवला. सर हसले. "अगं, म्हणजे ३२०० चंच काम तू मागच्या दाराने केलंस. प्रकाश तेवढाच, नॉइजही जवळजवळ तेवढाच. काही कॅमेऱ्यांत तर अशाने जास्तच."

त्यांनी समजावलं ते असं. पावसात गच्चीवर सारखेच दोन मग ठेवा. दोन्हींत अगदी सारखे थेंब कधीच पडत नाहीत. सरासरी १०० थेंब पडत असतील तर साधारण १० चा फरक पडतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडत असतील तर फरक १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. फरक वर्गमुळाने वाढतो. सेन्सरचे पिक्सेल म्हणजे हे मग आणि फोटॉन म्हणजे थेंब. शेजारशेजारच्या पिक्सेलमधला हा फरकच आपल्याला रव्यासारखा दिसतो. म्हणजे नॉइज बराचसा प्रकाशातच असतो, मशीनमध्ये नाही! आयएसओने थेंब वाढत नाहीत, पडलेले थेंब फक्त मोठे करून दाखवले जातात. एम-थ्री शिकून पास झालेल्या मला हे माहीत नसावं? असो.

आता हिशोब. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ माझ्या सेन्सरच्या सुमारे २.४ पट. एफ नंबर आणि शटर तेच ठेवलं तर सिग्नल नॉइजच्या तुलनेत जेमतेम दीडपट सुधारणार, तेसुद्धा एफडी मोडून. याउलट ५० एमएमची एफ १.८ लेन्स लावून एफ २ वर ठेवली, तर ५.६ च्या मानाने ८ पट प्रकाश. मावशी सत्काराला जागच्या हलत नव्हत्या, तिथे १/२५० कशाला? १/१२५ पुरलं असतं. त्याचे २ पट. एकूण १६ पट, म्हणजे सुधारणा ४ पट. आयएसओ २०० वरसुद्धा फोटो उजळ आला असता.

मग नवी बॉडी घेणारे सगळे वेडे का? तसं नाही. आमच्या बॅडमिंटनच्या मॅचला १/५०० शिवाय गत्यंतर नाही. लेन्स आधीच पूर्ण उघडलेली असेल, तर तिथे मोठा सेन्सर खरंच कामाला येतो. आणि एक्सपोजर वाढवा म्हणजे कितीही वाढवा असंही नाही. स्टेजवरच्या लाल एलईडीत चेहऱ्याचा लाल चॅनल एकदा फुटला की तो कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. आता मी रॉमध्ये काढते, तीन चॅनलचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघते आणि हायलाइट फुटणार नाहीत इतपतच डोंगर उजवीकडे सरकवते.

पप्पांना फोन करून एफडी राहू द्या म्हटलं. ते फक्त "बरं" म्हणाले, पण आवाजावरून कळलं.

सत्काराचा फोटो काही परत मिळणार नाही. शेवटी सीनियरकडून ५० एमएम उसनी आणली आणि सकाळी नाश्त्यानंतर मावशींना मेसच्या खिडकीशी उभं केलं. एफ २, १/१२५, आयएसओ २००. बारा बाय अठराचा प्रिंट हातात दिला तेव्हा मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढे पांढरे झाले होय गं माझे केस?"