इशारा कोणी द्यायचा? : व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा अनुभव

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ब्लॅक्सबर्ग नावाचे एक लहान शहर आहे. व्हर्जिनिया टेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील विद्यापीठाचा विस्तार सुमारे २,६०० एकर असून २००७ साली तेथे २६ हजारांहून अधिक विद्यार्थी शिकत होते. शहर विद्यापीठाच्या आधारानेच वसलेले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात ३२ जण मृत्युमुखी पडले. तामिळनाडूत जन्मलेले स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन हे त्यांपैकी एक होत. मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही त्या दिवशी बळी पडली. या घटनेनंतर अमेरिकेतील विद्यापीठांच्या सुरक्षाव्यवस्थेत जे बदल झाले, त्यांचे मूळ त्या सकाळच्या सव्वादोन तासांत आहे.

पहिला गोळीबार सकाळी ७ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास एका वसतिगृहात झाला. त्यात दोन विद्यार्थी मारले गेले. हा खासगी वैमनस्याचा प्रकार असून संशयित इसम आवार सोडून गेला आहे, असा पोलिसांचा समज झाला. तो चुकीचा होता. ८ वाजून २५ मिनिटांनी विद्यापीठाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती विचारविनिमयासाठी बसली. ९ वाजून ५ मिनिटांनी दुसऱ्या तासिकेचे वर्ग नेहमीप्रमाणे सुरू झाले. याच सुमारास मारेकरी शहरातील टपाल कार्यालयात जाऊन एका दूरचित्रवाणी कंपनीच्या नावे पाकीट रवाना करीत होता. विद्यार्थी व अध्यापक यांना ई-मेलने पहिली सूचना गेली ती ९ वाजून २६ मिनिटांनी. वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली आहे, सर्वांनी सावध राहावे, एवढाच तिचा आशय होता. त्यानंतर पाऊण तास तर सोडाच, पुरी पंधरा मिनिटेही गेली नाहीत, तोच नॉरिस हॉल या अभियांत्रिकी विभागाच्या इमारतीत दुसरा गोळीबार सुरू झाला. उरलेले ३० बळी तेथे, अवघ्या दहा-बारा मिनिटांत गेले.

नॉरिस हॉलची मुख्य दारे मारेकऱ्याने आतून साखळ्यांनी बांधून टाकली होती. पहिला दूरध्वनी आल्यापासून सुमारे तीन मिनिटांत पोलीस इमारतीपाशी पोहोचले, परंतु एका दाराचे कुलूप बंदुकीने फोडून आत शिरण्यात आणखी पाच मिनिटे गेली. पोलिसांची तत्परता येथे कमी पडली नाही. जे उणे होते ते आधीच्या दोन तासांत.

राज्याच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या चौकशी समितीने ऑगस्ट २००७ मध्ये आपला अहवाल दिला. त्यातील एक निष्कर्ष प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्याजोगा आहे. विद्यापीठाजवळ ई-मेल होता, आवारात ध्वनिक्षेपक होते आणि लघुसंदेशाची नवी यंत्रणा बसविण्याचे कामही हाती घेतलेले होते. मात्र ज्यांना धोक्याची माहिती सर्वप्रथम मिळाली, त्या विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतः होऊन सर्वांना संदेश पाठविण्याची सोय नव्हती. समिती जमणार, मजकूर ठरणार, मगच तो जाणार. गावात दवंडी पिटणारा तयार उभा असावा, परंतु त्याला सांगायचे कोणी याचा निर्णय चावडीवर चालू असावा, तसाच हा प्रकार होता.

समितीच्या संकोचालाही कारण होते. ऑगस्ट २००६ मध्ये एक पळालेला कैदी आवाराच्या आसपास असल्यावरून विद्यापीठ बंद ठेवावे लागले होते व त्या वेळी अफवांमुळे घबराट पसरली होती. लोकांना घाबरवू नये ही चिंता समजण्याजोगी आहे. तथापि ती बाळगणाऱ्यांनी ९ वाजून ५ मिनिटांच्या तासिकेला निघालेल्या हजारो विद्यार्थ्यांचा निर्णय त्यांच्या वतीने घेतला, हेही तितकेच खरे आहे.

पुढील यंत्रणा

यानंतर विद्यापीठाने उभारलेल्या व्यवस्थेचे सूत्र एकाच वेळी अनेक मार्ग हे आहे. एकट्या लघुसंदेशावर विसंबता येत नाही. हजारो क्रमांकांवर संदेश एकेक करून जातात, एकाच मनोऱ्यावर गर्दी झाली की त्यांना विलंब होतो आणि वर्गात पुष्कळांचे फोन बंद असतात. म्हणून भ्रमणध्वनी, ई-मेल, संगणकाचा पडदा, आवारातील भोंगे व ध्वनिक्षेपक यांच्या जोडीला वर्गखोल्यांच्या भिंतींवर विद्युत् सूचनाफलक बसविण्यात आले. साखळी अडकविता येईल अशा मुठी दारांवरून काढण्यात आल्या. हा बदल दिसायला क्षुल्लक, पण खर्चाच्या मानाने बहुधा सर्वांत उपयुक्त असा होता.

कायद्यातही भर पडली. १९८६ साली लीहाय विद्यापीठात एका विद्यार्थिनीची वसतिगृहातील खोलीत हत्या झाली होती. दारांना आपोआप लागणारी कुलपे होती, पण रहिवाशांनी सोयीसाठी ती दारे अडकवून उघडी ठेवली होती. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून १९९० साली, पुढे क्लेरी कायदा म्हणून ओळखला गेलेला कायदा झाला व आवारातील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करणे विद्यापीठांवर बंधनकारक झाले. २००८ साली त्यात दुरुस्ती झाली. गंभीर धोक्याची खातरजमा होताच विनाविलंब सूचना द्यावी, इशारा देण्याची जबाबदारी कोणत्या पदावर आहे हे आधीच लेखी जाहीर करावे आणि यंत्रणेची वर्षातून निदान एकदा चाचणी घ्यावी, असे आता विद्यापीठांवर बंधन आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये उन्हाळी शिबिरातील काही मुलांनी हातात बंदूकसदृश वस्तू असलेला माणूस पाहिल्याचे सांगितले. लगेच इशारा देण्यात आला आणि आवार काही तास बंद राहिले. असा माणूस कोणी सापडला नाही. २००७ च्या विलंबाबद्दल केंद्रीय शिक्षण खात्याने त्याच वर्षी विद्यापीठाला ५५ हजार डॉलर दंड ठोठावला होता (तो पुढे कमी झाला). या दंडाविरुद्धच्या अपिलाची सुनावणी ८ डिसेंबर २०११ रोजी वॉशिंग्टन येथे चालू असतानाच ब्लॅक्सबर्गच्या आवारात एका पोलीस कर्मचाऱ्यावर गोळी झाडली गेली व त्यात तो मरण पावला. या वेळी पहिला इशारा सर्वांपर्यंत अर्ध्या तासाच्या आत गेला होता.