दुसऱ्या अल्बमचा आवाज

जव्हार-मोखाड्याच्या लग्नांत मी बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. घर दाभोशाला. पार्टीत नवीन पोरगा आला की त्याला सांगतो, बँडची खरी ओळख त्याच्या दुसऱ्या अल्बममध्ये होते.

पहिल्यात साठवलेलं सगळं येतं, वर्षानुवर्षं वाजवून घासलेली गाणी. दुसऱ्याला तेवढी सवड कुठून मिळणार? मुंबईचा रॉक मशीन बघा. बँड १९८४ चा, पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ चा. दुसरा, ‘द सेकंड कमिंग’, १९९० मध्येच आला. चार वर्षांच्या जागी दोन.

त्या काळी धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम व्हायचे आणि बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे. ही मंडळी स्वतः लिहिलेली गाणी घेऊन उभी राहिली, याचं मला आजही अप्रूप आहे. साचा मात्र तिकडचाच होता. महेश टिनाईकरची करकरीत गिटार, उदय बेनेगलचा चढा सूर. मी कीबोर्डवाला, त्यामुळे माझा कान झुबिन बलापोरियाकडे जातो. गिटार गर्जत असताना कीबोर्डनं कुठे भरायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे शिकण्यासारखं आहे.

उसन्या साच्यात किती दिवस राहायचं, हा प्रश्न दुसऱ्या अल्बमनंतर टळत नाही. १९९३ मध्ये त्यांनी नावच बदललं, इंडस क्रीड. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्ही आशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. नव्या नावाचा अल्बम १९९५ चा. कमावलेलं नाव सोडायला छाती लागते. माझ्या मते ती तयारी १९९० पासूनच सुरू झाली होती.

आमच्याकडेही हेच चाललंय. पहिल्या हंगामात हिंदी गाण्यांवर निभतं, पुढच्या वर्षी तेच वऱ्हाडी विचारतात, नवीन काय? मग मी तारप्याकडे वळतो. दुधी आणि बांबूचं हे वाद्य तारपकरी श्वास न तोडता वाजवतो, आणि त्याची चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. कीबोर्डवर तो सलगपणा आणायला डाव्या हातानं एक सूर धरून ठेवतो आणि उजव्यानं चाल फिरवतो. तारप्याची घरघर अजून त्यात उतरत नाही. या हंगामात तिच्यावरच काम चाललंय.