ग्रामसभा गेली, प्रभाग समिती आलीच नाही: माहूरमध्ये प्रश्न विचारायचा कुठं?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही आणि ज्यांना ऐकलेलं एकदा नीट वाचून ठेवायचंय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टीही यात टाकल्यात.

आजचा विषय साधा आहे. गावातलं सार्वजनिक शौचालय बंद आहे, नळाला चार दिवसांआड पाणी येतं, दिव्याचे खांब आहेत पण दिवे लागत नाहीत. याचा जाब कुणाला विचारायचा? आणि विचारायचा तर कुठल्या जागी, कुठल्या दिवशी? मोठ्या शहरांबद्दल यावर भरपूर बोललं जातं, खेड्यांबद्दलही बोललं जातं. आपण बोलूया मधल्या गावांबद्दल, म्हणजे माहूरसारख्या.

माहूर का, ते आधी सांगतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेलं रेणुकामातेचं ठाणं, दत्तशिखर, अनसूया शिखर, किल्ला. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे मराठवाड्याचं अगदी टोक. नवरात्रात आणि दत्तजयंतीला लाखोंनी लोक येतात, नंतर गर्दी ओसरते आणि मागे राहतं ते छोटंसं तालुक्याचं गाव. थोडक्यात, वस्ती छोट्या गावाची आणि ताण मोठ्या शहराचा. इथं शौचालय बंद असणं ही किरकोळ तक्रार नाही. मुलांना कडेवर घेऊन पायऱ्या चढून-उतरून आलेल्या बाईला विचारून बघा. आणि जत्रा संपल्यावर तो कचरा, त्या तुंबलेल्या नाल्या गावातल्याच माणसांच्या वाट्याला येतात.

आता मुद्द्यावर येऊ. माहूरला आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. आपल्याला वाटतं, बढती झाली! नगरसेवक आले, नगराध्यक्ष आले, मुख्याधिकारी आले. पण या बदलात एक गोष्ट गुपचूप गेली आणि तिच्यासाठी कुणी श्रद्धांजलीसुद्धा वाहिली नाही. ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायत असलेल्या गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाकडच्या पोरापोरींना पाठ असतात. त्या सभेत मतदारयादीत नाव असलेला कुणीही उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की, बाबा, या पैशाचं काय केलं? सभा गोंधळात संपते, कोरम होत नाही, सह्या घरोघरी फिरवून घेतात, हे सगळं मान्य. तरीही जागा ठरलेली आहे, दिवस ठरलेला आहे आणि विचारणाऱ्याला हक्क आहे. हा हक्क संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीतून आला.

शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती झाली, तीही त्याच वेळी. १९९२ साली संसदेत मंजूर होऊन १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यात ग्रामसभेसारखं काहीच नाही. तिच्यात आहे प्रभाग समिती, आणि तिची अट वाचून मला खरंच हसू आलं. प्रभाग समिती बंधनकारक आहे ती तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात. नगरपंचायत मात्र साधारण दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या गावाला मिळते. म्हणजे माहूर ग्रामसभेसाठी फार मोठं झालं आणि प्रभाग समितीसाठी फारच लहान राहिलं. दोन दारांच्या मधल्या बोळात उभं असल्यासारखं! मला हा व्यवहार तोट्याचा वाटतो. नगरपंचायत झाली म्हणून निधीच्या योजना वाढतात, हे खरं. पण वर्षातून चार वेळा तोंडावर प्रश्न विचारायची सोय गेली आणि तिच्या बदल्यात लोकांना काही दिलं नाही.

मग नगरपंचायतीत लोकांसमोर उत्तर देणारं आहे तरी कोण? सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक. माहूरची मागची निवडणूक राज्यातल्या शंभराहून जास्त नगरपंचायतींबरोबर झाली. मतदान दोन टप्प्यांत, २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२, आणि मतमोजणी १९ जानेवारीला. दोन टप्पे का? तर ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्या जागा खुल्या करून नंतर मतदान घ्यावं लागलं. तेव्हा नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडले गेले. पुढे जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारनं निर्णय फिरवला आणि नगराध्यक्ष पुन्हा थेट जनतेतून निवडायचं ठरलं. म्हणजे पुढच्या वेळी माहूरकर दोन मतं देणार, एक नगरसेवकाला आणि एक नगराध्यक्षाला.

या सगळ्यांच्या शेजारी बसतो मुख्याधिकारी. तो निवडून येत नाही, राज्य सरकार नेमतं आणि सरकारच बदली करतं. रोजचा कारभार, कर्मचारी, बिलं हे सगळं त्याच्या हातातून जातं. तुम्ही नगरसेवकाकडे गेलात तर तो म्हणतो, 'साहेब सही करीनात.' साहेबांकडे गेलात तर ते म्हणतात, 'ठराव झाला नाही, माणसं कमी आहेत.' दोघंही खरं बोलत असू शकतात. म्हणून तोंडी भांडण घालून काही हाती लागत नाही. कागद बघावा लागतो.

कागद बघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: ती सोय नक्की कुणाची आहे? इथंच निम्म्या तक्रारी मरतात. बसस्थानकाच्या आवारातलं स्वच्छतागृह एसटी महामंडळाचं. देवळातल्या सोयी संस्थानाच्या. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं. डोंगरउतारावरची जागा वनखात्याची असू शकते, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा महामार्गवाल्यांचा असू शकतो. गावातल्या नाल्या, रस्त्यावरचे दिवे, कचरा, सार्वजनिक शौचालयं, पाणी ही मात्र नगरपंचायतीची कामं. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा १९६५ चा जो राज्याचा कायदा आहे, त्याच्या कलम ४९ मध्ये ही बंधनकारक कर्तव्यं म्हणून लिहिलेली आहेत. 'निधी आला तर करू' अशातली ती कामं नाहीत. अर्जात हे एक वाक्य घातलं तर उत्तराचा सूर बदलतो.

निधीचं म्हणाल तर तोही अगदी नसतो असं नाही. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी १५ व्या वित्त आयोगानं दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता याच दोन कामांसाठी बांधून ठेवले. ते पैसे कमानीला किंवा सुशोभीकरणाला वापरता येत नाहीत. आणि अनुदान हवं असेल तर मागच्या वर्षांचे हिशेब लोकांना बघता येतील असे ऑनलाइन टाका, अशीही अट घातली. केंद्राच्या 'सिटी फायनान्स' नावाच्या संकेतस्थळावर देशभरच्या शहरांचे ताळेबंद ठेवलेले असतात. तुमच्या गावाचं नाव टाकून बघा. फोन हातात आहेच, पाच मिनिटांचं काम.

आता प्रश्न विचारायच्या जागा. ग्रामसभा नाही, पण दोन सोमवार आहेत. पहिला माहितीचा. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं शासन निर्णय काढला: जिल्ह्यातली कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे फायली, बघायला द्यायच्या. ही पद्धत आधी पुणे महापालिकेत सुरू झाली होती, तिथून ती राज्यभर नेली. किती लोकांना माहीत आहे? फार थोड्यांना. काही कार्यालयांत तर टेबलामागच्या माणसालाही माहीत नसतं, म्हणून शासन निर्णयाची प्रत फोनमध्ये ठेवून जा. भांडू नका, नुसती दाखवा.

दुसरा सोमवार तक्रारीचा. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसीलला तालुका लोकशाही दिन असतो, आणि पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे जिल्ह्याचा. आधी तालुक्याला अर्ज द्यायचा, तिथं काम झालं नाही तर जिल्ह्याला. माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, जाऊन-येऊन दिवस जातो आणि मजुरीही बुडते. म्हणून तालुक्याचा सोमवार नीट वापरा, आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे पाण्यावरची रेघ.

'आम्ही नगरसेवकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतो की!' टाका, जरूर टाका. कधीकधी त्यानं दोन दिवसांत दिवा लागतो. पण ग्रुपवरच्या फोटोला आवक क्रमांक नसतो, मुदत नसते आणि अॅडमिननं काढून टाकलं की विषय संपला. मेहरबानी म्हणून झालेलं काम पुढच्या महिन्यात बंद पडलं तर पुन्हा मेहरबानीच मागावी लागते.

दाखल्यांचं मात्र जरा बरं आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा, नळजोडणी अशा सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागतो. मुदत ठरलेली, अपील ठरलेलं आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. गंमत बघा, नळाच्या जोडणीला मुदत आहे, पण त्या नळाला पाणी कधी येईल याला नाही.

म्हणून शौचालय, पाणी, दिवे यांसाठी शेवटी हाती राहतो माहितीचा अधिकार. यात लोक चुकतात कुठं? ते विचारतात, 'शौचालय बंद का आहे?' हा प्रश्न बरोबर वाटतो, पण 'का' ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. तो फक्त कागद देतो. तेव्हा कागदाचं नाव घेऊन मागा. कार्यारंभ आदेश, म्हणजे काम कुणाला, कितीला, किती दिवसांसाठी दिलं. मोजमाप पुस्तिका, म्हणजे किती काम झालं असं अभियंत्यानं लिहिलं. देयक, म्हणजे बिल. सभेचं इतिवृत्त, म्हणजे ठराव कुणी मांडला आणि कुणी अनुमोदन दिलं. आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल. या शेवटच्या कागदाकडे फारसं कुणी बघत नाही, पण सरकारच्याच लेखापरीक्षकानं घेतलेले आक्षेप त्यात आयते लिहिलेले असतात.

हे कागद समोर आले की शौचालय का बंद आहे ते आपोआप कळतं. स्वच्छतेचं बिल दर महिन्याला निघालंय आणि दाराला कुलूप आहे, असं दिसलं तर प्रश्न पैशाचा आहे. ठेकाच संपलाय आणि नवा दिला नाही, तर तो ठरावाचा. पाण्याची जोडणीच नाही, तर बांधतानाच चुकलंय. तिन्हींची दारं वेगळी.

मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा बायकांनीही आधी हेच केलं. स्वतः फिरून सार्वजनिक शौचालयं बघितली, नोंदी केल्या, आणि समोर आलं की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना लघवीसाठीही पैसे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण लिहिलेली नव्हती. लिहून पुढे ठेवल्यावर महापालिकेला चर्चेला बसावं लागलं. माहूरमध्ये तर हे दोन दिवसांचं काम आहे: नवरात्राच्या आधी चार मैत्रिणींनी फिरायचं, किती शौचालयं, किती उघडी, कडी लागते का, पाणी आहे का, रात्री दिवा आहे का, तारखेसह फोटो काढायचे. नवरात्रात पुन्हा एकदा तेच.

आरटीआयवाल्यांबद्दल गावात एक शब्द असतो, 'ब्लॅकमेलर'. असे लोक असतात, नाही असं नाही. म्हणून एकट्यानं अर्ज टाकून गप्प बसण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून टाकावा, मिळालेले कागद सगळ्यांना वाचायला द्यावेत. लपवायचं काही नसलं की तो शब्द चिकटत नाही, आणि एकट्यादुकट्यावर दबावही येत नाही. छोट्या गावात हे फार महत्त्वाचं आहे. नगरसेवक तुमच्या मामांच्या शेजारी राहतो, ठेकेदार तुमच्या वर्गमित्राचा भाऊ असतो.

नियम थोडक्यात. साध्या कागदावर जोडपत्र 'अ' चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, पुरावा जोडा). महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथंही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथं मात्र महिनोन्महिने लागतात, तेव्हा पहिल्याच अर्जात नेमकेपणा ठेवा.

बऱ्याच जणांना मजकूर काय लिहायचा तेच सुचत नाही, म्हणून हा नमुना. जागेचं नाव आणि तारखा बदलून घ्या:

'माहितीचा विषय: प्रभाग क्रमांक … मधील … येथील सार्वजनिक शौचालयाची देखभाल. माहितीचा कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. आवश्यक माहिती: सदर शौचालयाच्या स्वच्छता व देखभालीच्या कामाचा कार्यारंभ आदेश व करारनामा, या कालावधीत अदा केलेली सर्व देयके, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, सदर शौचालयाची पाणी व वीज जोडणीची देयके, याबाबत सर्वसाधारण सभेत झालेल्या ठरावांची इतिवृत्ते. वरील सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती व्यक्तिशः स्वीकारीन. प्रती घेण्यापूर्वी मूळ अभिलेखाचे अवलोकन करू इच्छितो / इच्छिते.'

शंभरच्या आतच शब्द आहेत, तुमचं एखादं वाक्य घालायला जागा ठेवलीय.