नवशिक्यानें ध्वनिरचनेचें साधन कसें निवडावें?



मिरजेहून रोज शाळेंत येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें मागील वर्षीं आपला संगणक मला आणून दाखविला. त्याच्या घरीं तंबोरे करण्याचा वडिलोपार्जित व्यवसाय आहे. मुलाची ओढ मात्र संगणकावर नवे आवाज घडविण्याकडे. मॉड्युलर सिंथेसायझरचीं तीन सॉफ्टवेअरें त्यानें उतरवून घेतलीं होतीं, आणि त्यांपैकीं एक विकत घ्यावयाचें असतां एका मित्राकडून चोरवाटेनें मिळविलेलें होतें. घटकांची यादी हजारांवर गेली होती. "यांतून मला एक स्थिर षड्ज ऐकव," असें मीं म्हटलें. अर्धा तास खटपट करूनहि त्याला तें साधेना. शेवटीं मान खालीं घालून तो म्हणाला, "सर, वडील म्हणतात, सहा महिन्यांत तुझ्या त्या पेटाऱ्यांतून एक सूर बाहेर पडला नाहीं, आतां तें बंद कर आणि दुकानांत येऊन बैस. मीं चुकीचें सॉफ्टवेअर निवडलें काय?"

हाच प्रश्न दुसरेहि पुष्कळ विद्यार्थी विचारतात. म्हणून त्याचें उत्तर सर्वांसाठीं येथें विस्तारानें देतों.

प्रथम हें साधन म्हणजे काय तें पाहूं. बाजाच्या पेटींत आवाज तयारच असतो. पट्टी दाबून भाता हालविला कीं तो निघतो, आणि त्याचा पोत वाजविणाऱ्यास बदलतां येत नाहीं. मॉड्युलर सिंथेसायझरची गोष्ट उलट आहे. त्यांत तयार आवाज नसतो. आवाजाचे अवयव तेवढे सुटे मिळतात व ते तारांनीं एकमेकांस जोडावे लागतात. मिरजेंतील सतारमेकराच्या दुकानांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे, दांड्या, खुंट्या, घोड्या व तारा वेगवेगळ्या मांडलेल्या दिसतात, आणि कारागिराच्या हातून त्यांचा तंबोरा होतो. तसाच हा प्रकार आहे.

या अवयवांपैकीं चार मुख्य होत. ऑसिलेटर मूळ कंप उत्पन्न करतो, म्हणजे तारेचें काम करतो. फिल्टर त्या कंपांतील उंच किंवा खालचे अंश गाळून टाकतो. ॲम्प्लिफायर आवाज लहानमोठा करतो. चौथा एन्व्हलप, त्यास स्वतःचा आवाज नाहीं. तार छेडल्यापासून स्वर विरेपर्यंत तो कसा वाढावा व कसा ओसरावा, याचा हुकूम तो इतर अवयवांस देतो. या चौघांचीं कामें ज्यास समजलीं, त्यास उरलेल्या हजारों घटकांची भीति वाटण्याचें कारण नाहीं.

अशीं यंत्रें अमेरिकेंत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला यांनीं १९६४ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणें बनविलीं. मूगच्या पद्धतींत विजेचा दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर एका सप्तकानें चढतो, आणि आजचीं बहुतेक सॉफ्टवेअरें हाच नियम पाळतात. असें एक मूग यंत्र १९६९ मध्यें अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत आलें. संगीतज्ञ गीता साराभाई यांचा त्यांत पुढाकार होता, व अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं तें तेथें उभारून दिलें. तेथील ध्वनिमुद्रणांच्या फिती कित्येक दशकें पडून होत्या. २०२३ मध्यें त्यांतील निवडक भाग प्रसिद्ध झाला. त्या काळीं अशा यंत्रास हात लावण्याची संधि आपल्या देशांत मोजक्याच माणसांस मिळाली. आज तीच रचना संगणकाच्या पडद्यावर विनामूल्य मिळते. साधन सुलभ झालें. निवडण्याचा विवेक मात्र ज्याचा त्यानें मिळवावयाचा आहे.

या विवेकाची पहिली कसोटी आपल्याच सातारा-सांगलीच्या इतिहासांत सांपडते. सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं हिंदु संगीतांतील बावीस श्रुतींवर १९१० मध्यें इंग्रजींत एक पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलकी सेवेंतील ई. क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी त्यांच्या या कामांत सहभागी झाले, आणि साताऱ्यास फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या नांवाची संस्था निघाली. ज्यांची कबर आज मिरजेच्या दर्ग्यांत आहे, त्या अब्दुल करीम खाँ यांनीं देवलांच्या प्रयोगांस आपला गळा दिला. बाजाच्या पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसविलेले असतात, गायकाचे स्वर तसे नसतात, असें या मंडळींचें म्हणणें होतें. तें कानांस पटवून देण्यासाठीं लंडनच्या मूर अँड मूर कारखान्यांतून श्रुतींची एक खास पेटी करवून आणावी लागली. १९१६ मध्यें बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती विद्वानांपुढें मांडण्यांत आली; परंतु ती सर्वमान्य झाली नाहीं.

श्रुति नेमक्या किती व कोणत्या, हा वाद आपण बाजूस ठेवूं. त्यामागील गणित मात्र कोणासहि पडताळतां येतें. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं, तर ५:४ या प्रमाणाचा शुद्ध गांधार बरोबर ३०० कंपनांचा होतो. सारख्या अंतराच्या पेटीवरील गांधार मात्र सुमारें ३०२.४ कंपनांचा असतो. षड्जाचा पांचवा उपस्वर १२०० कंपनांचा. शुद्ध गांधाराचा चौथा उपस्वरहि १२०० चाच, म्हणून दोन्ही एकजीव होतात. पेटीच्या गांधाराचा चौथा उपस्वर सुमारें १२०९.५ इतका येतो, आणि दोहोंच्या संघर्षानें सेकंदास नऊ-दहा वेळां आवाज थरथरतो. मूगच्या भाषेंत सांगावयाचें तर, षड्जाहून गांधार एका ठिकाणीं ०.३२२ व्होल्ट उंच आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं ०.३३३. एवढ्याशा फरकासाठीं एका पिढीस लंडनहून पेटी आणावी लागली! म्हणून पहिली कसोटी ही कीं, ज्यांत बारा स्वरांच्या मधला स्वर स्वतः अंकानें ठरवितां येईल, तें साधन पसंत करावें. दुसरी, तें तुमच्याजवळ आहे त्याच संगणकावर न अडखळतां चालावें. तिसरी, त्याची प्रत उजळ माथ्यानें बाळगतां यावी. आणि चौथी, ज्यांतील चार-सहा घटकांनीं एक पूर्ण आवाज तुम्ही स्वतः, कारणें समजून, उभा करूं शकाल, तें तुमचें साधन.

आतां या कसोट्यांवर कांहीं सॉफ्टवेअरें पारखूं.

व्हीसीव्ही रॅक हें ॲन्ड्र्यू बेल्ट यांनीं २०१७ मध्यें प्रसिद्ध केलें. पडद्यावर खऱ्या यंत्राप्रमाणें फळ्या, कळा व रंगीत तारा दिसतात. त्याची मूळ आवृत्ति विनामूल्य व मुक्त परवान्याची आहे. विंडोज, मॅक व लिनक्स या तिहींवर ती चालते. कळीवर माउसचें उजवें बटण दाबलें कीं नेमका अंक लिहितां येतो, म्हणून पहिली कसोटी उतरते. डोळ्यांस दिसणारी तार कोठून कोठें गेली हें लगेच कळतें, हा नवशिक्यास मोठाच लाभ. परंतु चित्रें रेखाटण्याचा भार संगणकावर पुष्कळ पडतो, व जुना संगणक दमतो. दुसरा धोका मोहाचा आहे. त्याच्या ग्रंथालयांत हजारों घटक आहेत, आणि ते गोळा करण्यांतच दिवस निघून जातात.

प्युअर डेटा हें मिलर पकेट यांनीं १९९६ मध्यें निर्माण केलेलें सॉफ्टवेअर. हेंहि विनामूल्य व मुक्त आहे, आणि अगदीं साध्या संगणकावर चालतें. यांत चित्रें नाहींत. कोऱ्या पानावर लहान चौकटी काढून त्यांत घटकाचें नांव टंकावें लागतें व रेघांनीं त्या जोडाव्या लागतात. पहिले आठ दिवस तें रुक्ष वाटेल. परंतु येथें कंपनसंख्या सरळ अंकांनींच द्यावयाची असते. २४० ला ५ नें गुणा, ४ नें भागा, कीं देवलांचा गांधार ऐकूं येतो. ज्यास गणिताची गोडी आहे, त्यानें हेंच घ्यावें.

सनव्हॉक्स हें तिसरें. रशियाच्या अलेक्झांडर झोलोटोव्ह यांचें हें सॉफ्टवेअर अत्यंत हलकें असून संगणकावर विनामूल्य मिळतें. मोबाइलवर तें विकत घ्यावें लागतें. ज्या घरीं संगणक नाहीं, केवळ मोबाइल आहे, त्या विद्यार्थ्यास याचा उपयोग आहे. घटक जोडणें व स्वरांची ओळ लिहून गीत रचणें, हीं दोन्ही कामें त्यांत होतात. सूक्ष्म स्वरांचें काम मात्र प्युअर डेटाइतकें सरळ नाहीं.

याशिवाय बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचें रिॲक्टर, किंवा व्हीसीव्हीचीच प्रो आवृत्ति, अशीं मूल्य देऊन घ्यावयाचीं सॉफ्टवेअरें आहेत. तीं उत्तम आहेत यांत शंका नाहीं. प्रो आवृत्तीचा विशेष हा कीं, ती ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आंत बसवितां येते. परंतु ज्यास अद्याप एक षड्ज धरतां येत नाहीं, त्यास या सोयीचें प्रयोजन नाहीं. पहिल्या वर्षीं आईवडिलांकडून यासाठीं एक पैसाहि मागूं नये.

चोरलेल्या प्रतीविषयीं दोन शब्द. दुसऱ्याच्या श्रमाचें फळ त्याच्या अनुमतीवांचून घेणें ही चोरी, मग ती पडद्याआड झाली म्हणून कांहीं निराळी होत नाहीं. अशा प्रतींबरोबर संगणकास अपाय करणारे प्रोग्रामहि पुष्कळदां येतात. आणि मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअराची प्रत मित्रास देणें हा अपराध नसून उलट शिष्टाचार आहे, असें असतां चोरवाट धरण्याचें कारणच कोणतें?

साधन निवडल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी? माझी सूचना अशी कीं, त्यांत तंबोरा करून पाहावा. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचा एक ऑसिलेटर घ्या, कारण तींत सर्व उपस्वर असतात. त्यास फिल्टर व ॲम्प्लिफायर जोडा. एन्व्हलप असा ठेवा कीं, आवाज एकदम उठेल आणि सावकाश विरेल. ही झाली एक तार. अशा चार करून मंद्र पंचम, जोडीचे दोन षड्ज व खर्ज लावा, आणि एकामागून एक छेडा. दोन दिवसांत हें साधलें, तर साधन तुम्हांस मानवलें असें समजा.

येथें तुम्हांस एक उणीव जाणवेल. आवाज तंबोऱ्याच्या स्वरांत असेल, पण त्यांत तो झंकार नसेल. तार ज्या बिंदूवर छेडली, तेथें ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदु पडतो ते उपस्वर आवाजांत येऊं नयेत, असा पाश्चात्य शास्त्रांत नियम होता. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ मध्यें दाखवून दिलें कीं, वीणा व तंबोरा हा नियम मानीत नाहींत. ते उपस्वर यांत जोरदार ऐकूं येतात. याचें कारण घोडीची रुंद व किंचित् बांकदार पाठ. तार कांपतांना त्या पाठीस पुनःपुन्हां चाटून जाते, व घोडीवर तारेखालीं सरकविलेला जीवाचा दोरा तो स्पर्श नेमका साधून देतो. हीच जवारी. संगणकावर फिल्टरचा उठाव वाढवून, दुसऱ्या एन्व्हलपनें त्यास सावकाश सरकविलें म्हणजे तिचा थोडासा आभास होतो. साक्षात् जवारी होत नाहीं.

त्या विद्यार्थ्यास मीं एवढेंच सांगितलें. चोरीची प्रत पुसून टाक, दोन सॉफ्टवेअरें काढून टाक, जुन्या संगणकास झेपणारें एक ठेव, आणि महिनाभर तंबोऱ्याखेरीज कांहीं करूं नको. त्यानें प्युअर डेटा निवडलें. तीन आठवड्यांनीं त्यानें चार तारा वडिलांपुढें वाजविल्या. हातांतील कानस खालीं ठेवून ते बराच वेळ ऐकत राहिले, व म्हणाले, "सूर बरोबर आहे रे. पण जवारी बंद आहे. इकडे ये, घोडी कशी घासतात तें आधीं पाहा." त्या दिवसापासून मुलगा सायंकाळीं दुकानांत बसतो, घोडीवर कानस कशी फिरते तें पाहतो, आणि रात्रीं फिल्टरचे अंक बदलतो. वडिलांनीं संगणक बंद करावयास सांगितलें नाहीं.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां तुमच्याहि ध्यानांत आलें असेल. त्यानें सॉफ्टवेअर चुकीचें निवडलें नव्हतें. त्यानें निवडच केली नव्हती. निवडणें म्हणजे एक हातीं धरून बाकीचीं सोडून देणें. शुभवर्तमानांतील ज्या चाकरास थोडें मिळालें व त्यानें तेंहि पुरून ठेवलें, त्याच्यावर ठपका आला तो थोडें असल्याबद्दल नव्हे, तर तें कामीं न लावल्याबद्दल. चार घटक घ्या, एक वर्ष त्यांच्याशीं प्रामाणिक राहा, आणि जें घडेल तें एखाद्या जाणत्या कानास ऐकवा. असे कान सांगली-मिरजेस घरोघर आहेत. साताऱ्यासहि त्यांची वाण नाहीं.