ख्रिस्ती सेवाकार्यातील नेतृत्व: पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा पुण्यातील अनुभव

प्रस्तावना

ख्रिस्ती सेवाकार्यातील नेतृत्वाचा विचार बहुधा त्याग, प्रार्थना आणि श्रद्धा या गुणांच्या आधारे केला जातो. हे गुण महत्त्वाचे असले, तरी संस्था चालविणाऱ्या व्यक्तीला काही रुक्ष वाटणारे प्रश्नही सोडवावे लागतात. पैसा कोणाचा, सल्ला कोणाचा आणि ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांना दिलेला शब्द नेमका कोणता? पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात हे तिन्ही प्रश्न पुणे शहरात एकाच वेळी उभे राहिले. त्या अनुभवातून नेतृत्वाविषयी काय शिकता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. संस्कृत विदुषी म्हणून त्यांची कीर्ती झाली होती. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासंबंधी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी मान तुकविली नाही. चेल्टनहॅम येथे असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी त्या हरकतीचा रोखठोक प्रतिवाद केला. ईश्वराची आज्ञा आणि धर्माधिकाऱ्यांची आज्ञा या एकच नव्हेत, ही त्यांची भूमिका १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. पुढील सर्व घटनांचे मूळ या स्वभावात आहे.

तीन दिशांचे उत्तरदायित्व

अमेरिकेतील व्याख्याने आणि १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक यांमुळे बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि १८९० च्या अखेरीस ते पुण्यात आले. सदनात कोणत्याही धर्माचा उपदेश होणार नाही व विधवा मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे ठरले होते. न्या. म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी वजनदार मंडळी सल्लागार होती.

म्हणजेच पैसा ख्रिस्ती देणगीदारांचा, प्रतिष्ठा हिंदू सुधारकांची आणि मुली सनातनी घरांतल्या. या तिघांनी 'धर्मनिरपेक्ष' या एकाच शब्दाचा आपापल्या परीने अर्थ लावला होता. अडचण येथेच होती.

रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या बंद करीत नसत आणि मुली आल्या तर त्यांना अडवीत नसत. त्यांच्या दृष्टीने हा प्रत्येकीच्या विवेकाचा प्रश्न होता. सल्लागारांच्या आणि पालकांच्या दृष्टीने मात्र तो अप्रत्यक्ष उपदेश होता. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागार मंडळींनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंची बाजू घेतली.

या प्रसंगी रमाबाईंना केवळ बळी ठरविणे जितके सोपे, तितकेच त्यांच्यावर कपटाचा आरोप करणे सोपे आहे. दोन्ही गोष्टी न्याय्य वाटत नाहीत. रमाबाईंनी काही लपविले नव्हते. उघडे दार हाच त्याचा पुरावा होय. परंतु अल्पवयीन, निराधार मुलीच्या मनावर आश्रयदात्या व्यक्तीच्या श्रद्धेचा किती प्रभाव पडतो, हे त्यांनी पुरेसे जोखले नाही, असे म्हणावे लागते. नेत्याचे खासगी आचरण संस्थेत खासगी राहत नाही. सल्लागारांचाही दोष होताच. दाराचा, प्रार्थनेचा, पुस्तकांचा प्रश्न आरंभीच लेखी बोलून घेतला असता, तर निदान वादाचे स्वरूप वेगळे झाले असते.

एक गोष्ट येथे विसरता येत नाही. सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी मार्च १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला आणि १८९६ मध्ये कर्वे यांनी विधवांसाठी स्वतःची संस्था उभारली. शारदा सदनावरचा विश्वास उडाला, तरी ते कार्य त्याच समाजात अन्य हातांनी पुढे गेले.

केडगावचे स्थलांतर

यानंतर रमाबाईंनी संदिग्धता टाकून दिली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना, तेव्हा दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे आधीच घेतलेली जमीन उपयोगी पडली. याच काळात सरकारी प्लेग इस्पितळातील मुलींच्या हेळसांडीविषयी त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली, हेही नोंद घेण्यासारखे आहे. ख्रिस्ती असल्यामुळे त्या सरकारधार्जिण्या होत्या, हा समज या तक्रारीने खोटा ठरतो.

'मुक्ती' ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपल्यावर अमेरिकेतील साहाय्यक मंडळाची नव्याने रचना झाली, तेव्हा जुना करारही सुटला. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुली होत्या. एवढ्या पसाऱ्यात एकट्या व्यक्तीची देखरेख अशक्य असते. शारदा सदनात शिकलेल्या विधवाच तेथे शिक्षिका आणि देखरेख करणाऱ्या झाल्या. शेती, विणकाम, गुरांची व्यवस्था, छापखाना ही कामे स्त्रियांनीच सांभाळली. आश्रित स्त्रीला काम आणि अधिकार दोन्ही मिळावेत, हा यातील महत्त्वाचा भाग होय. पुण्यात जे सल्लागारांच्या नावांनी साधले नाही, ते येथे आतून तयार झालेल्या माणसांनी साधले.

उत्तराधिकाराच्या बाबतीत मात्र रमाबाईंचा भर कन्या मनोरमाबाईंवर राहिला. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्यानंतर संस्थेची धुरा विदेशी मिशनरी स्त्रियांकडे गेली. अखेरच्या काळापर्यंत रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करीत होत्या. अल्पशिक्षित स्त्रीलाही वाचता यावे अशी साधी भाषा त्यांनी हेतुपुरस्सर योजली होती. त्या ग्रंथाचे खिळे मुक्तीतील स्त्रियांनीच जुळविले आणि पानेही त्यांनीच छापली.