नळ्यांचा फोटो

“फोटो काढायला अकोल्याला चाललीस? मग ती जांभळी साडी नेस. तुला खुलून दिसते!” शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, आणि मी नुसतीच हसले. त्या माउलीला काय सांगणार, की ज्या फोटोसाठी मी चालले आहे त्यात साडीही दिसायची नाही आणि चेहराही! तो फोटो होता माझ्या गर्भनलिकांचा, आमच्याकडच्या बायका ज्यांना सरळ ‘नळ्या’ म्हणतात त्यांचा.

ही गोष्ट चारचौघांत बोलण्याची नाही, असे मलाही कालपरवापर्यंत वाटत होते. पण न बोलण्याने काय होते, याचा अनुभव मी पुरेपूर घेतला. म्हणून आज दिवाळीच्या निवांतपणात हे लिहायला बसले आहे.

वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवते. घरी सोयाबीन-तुरीची शेती आहे, ती हे पाहतात. २०१७ साली आमचे लग्न झाले. पहिली दोन वर्षे मजेत गेली. तिसऱ्या वर्षी लोक विचारू लागले आणि पाचव्या वर्षी विचारायचे थांबले. मैत्रिणींनो, त्या विचारण्यापेक्षा ते थांबणे अधिक बोचते! कुणाच्या डोहाळजेवणाला गेले, की ओटी भरायला उठणाऱ्या बायकांची नजर माझ्यावरून हलकेच पुढे सरके. वाशीमच्या बालाजीला जाऊन आले, कारंज्याच्या गुरुमंदिरात बसून आले. मनाला शांती मिळाली, ती मी नाकारणार नाही. पण पाळणा काही हलला नाही.

शेवटी गेल्या वर्षी आम्ही दोघे वाशीमच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. माझी समजूत अशी, की आता मला आत नेतील आणि हे बाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसतील. बाईंनी मात्र पहिला कागद यांच्याच हाती दिला. “आधी तुमची वीर्यतपासणी. ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि तिच्यात कुठे दुखत नाही. मूल न होण्याची कारणं पुरुषांतही असतात. पुरुषाला न तपासता बाईलाच टेबलावर घ्यायचं, हे मला पटत नाही.” यांचे कान लाल झाले, पण तपासणी केली. ती चांगली निघाली. मग माझे रक्त तपासले, बीज वेळेवर सुटते की नाही ते सोनोग्राफीत पाहिले. तेही ठीक. “आता नळ्या पाहायच्या,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर चित्र काढले.

मधोमध पेरूसारखे गर्भाशय, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवरून निघालेल्या दोन नळ्या. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, पण गर्भाशयाजवळ आतला मार्ग मिलिमीटरभरही रुंद नसतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पियो याने १५६१ साली यांचे वर्णन केले. टोकाशी फुलणाऱ्या या नळ्या त्याला तुतारीसारख्या वाटल्या. बीज आणि शुक्रजंतू यांची गाठ याच वाटेत पडते. वाट बंद, तर भेट नाही! पण साध्या सोनोग्राफीत निरोगी नळ्या बहुधा दिसत नाहीत आणि नुसत्या क्ष-किरणांत तर मुळीच नाही. म्हणून गर्भाशयात एक औषध सोडतात, जे क्ष-किरणांत उठून दिसते. ते नळ्यांतून वाहत पोटात सांडले, की वाट मोकळी आहे असे समजायचे.

सारे समजावून झाल्यावर बाईंनी पेन उचलले आणि एकामागून एक प्रश्न विचारले. दमा आहे का? कशाची ॲलर्जी? थायरॉइडचा त्रास? आणि मग, “कधी क्षय झाला होता?”

हे माझ्या शेजारीच बसले होते. मी म्हणाले, “नाही.”

ते खोटे होते. चौदाव्या वर्षी माझ्या मानेत गाठी आल्या होत्या. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि मी खडखडीत बरी झाले. पण शेवटची गोळी घेतली त्या दिवशी आईने मला जवळ घेऊन सांगितले होते, “हे कुणापाशी बोलू नकोस. लग्न जमायचं नाही.” आईचा शब्द मी इतकी वर्षे पाळला. नवऱ्यापाशीही पाळला.

बाईंनी सूचनांचा एक छापील कागद दिला होता. रात्री सगळे निजल्यावर मी तो वाचला. त्यात लिहिले होते, की पूर्वी क्षय किंवा ओटीपोटाचा जंतुसंसर्ग झाला असल्यास तपासणीपूर्वी अवश्य सांगावे. हे वाक्य मी किती वेळा वाचले असेल, देव जाणे. पहाटे यांना उठवले आणि एका दमात सगळे सांगून टाकले. हे काही बोलले नाहीत. चहाही न घेता शेतात निघून गेले.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. यांना परतायला दिवेलागण झाली. हातपाय धुऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, “उद्या वाशीमला जाऊ. बाईंना खरं सांगू.” थोड्या वेळाने म्हणाले, “मला सात वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंस.” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकले होते. आता काय वादळ होते म्हणून मी मान खाली घालून बसले. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. “माह्या धाकट्या भावाले झाला होता क्षय,” त्या म्हणाल्या. “माय-बापानं लोकाच्या भेवानं लपोला. तो लपता लपताच गेला. तू कायले लपोतं पोरी? मी येतो तुह्यासंगं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बरं झालं आलात. क्षयाचे जंतू रक्तावाटे नळ्यांत जाऊन बसतात. दुखत नाही, ताप येईलच असं नाही, आणि नळ्या आतून चिकटतात. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं हे एक मोठं कारण आहे. रोग जागा असताना ही तपासणी केली, तर तो आणखी पसरण्याची भीती.” म्हणून आधी छातीचा फोटो झाला आणि गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासायला गेला. त्यात रोग निघाला नाही, पण नळ्यांचा फोटो एक महिना पुढे गेला. त्या महिन्यात मी जी तयारी शिकले, ती इथे सांगते.

पहिली तयारी तारखेची. पाळीचा खरा स्राव सुरू होईल तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचा नुसता डाग मोजायचा नाही. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून वेळ ठरवायची. तपासणी साधारणपणे सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, स्राव पूर्ण थांबल्यावर आणि बीज सुटण्याआधी करतात. पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत पतिपत्नींनी दूर राहायचे, म्हणजे नकळत दिवस गेलेले असताना क्ष-किरण पडण्याचा धोका राहत नाही. थोडी जरी शंका असली, तरी आधी लघवीची तपासणी करून घ्यावी.

दुसरी तयारी औषधांची. तपासणीपूर्वी सुमारे तासभर आधी दुखणे कमी करणारी गोळी देतात. ती कोणती आणि किती, हे डॉक्टरांनाच विचारावे. माझ्यासारखा पूर्वेतिहास असेल तर जंतुनाशक गोळ्याही देतात. मधुमेहाची किंवा इतर औषधे चालू असतील, तर तीही सांगावी. अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जात असेल, ताप असेल किंवा ओटीपोट दुखत असेल, तर लाजू नये. तपासणी पुढे ढकलली जाईल, एवढेच!

तिसरी तयारी साधी. सैल कपडे, पिशवीत दोन पॅड, कमरेची साखळी घरी आणि सोबत एक माणूस. चौथी तयारी प्रश्नांची. मी विचारले होते, की औषध पाण्यातले की तेलातले? कारण २०१७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २७ रुग्णालयांतल्या १,११९ स्त्रियांपैकी ज्यांना तेलातले औषध दिले, त्यांच्यातल्या शंभरांत सुमारे ४० जणींना सहा महिन्यांत दिवस गेले. पाण्यातले औषध मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २९ होते. मात्र त्या स्त्रियांच्या नळ्यांत बिघाडाची फारशी शंका नव्हती. शिवाय तेलातल्या औषधात आयोडीन बराच काळ राहते, म्हणून थायरॉइडकडे पाहावे लागते. मला पाण्यातलेच दिले.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही तिघे एसटीने निघालो. मेडशी गेले, घाट उतरला, पातूर गेले. सासूबाईंनी पिशवीत दशम्या बांधून घेतल्या होत्या, जणू जत्रेलाच निघालो होतो! अकोल्याच्या क्ष-किरण केंद्रात मला लघवी करून यायला सांगितले, गाऊन दिला आणि यंत्राखालच्या थंड टेबलावर निजवले. खोटे कशाला सांगू, पाय थरथरत होते. तपासणाऱ्या बाई प्रत्येक गोष्ट आधी सांगून करत होत्या. गर्भाशयाचे तोंड पुसले, बारीक नळी आत घातली आणि औषध सोडले. त्या क्षणी पोटात पाळीसारखी, पण अधिक कडक कळ आली. मी दहा आकडे मोजले, पुन्हा दहा मोजले. दोन-तीन मिनिटांत ती ओसरली. सगळे मिळून वीस मिनिटेही लागली नसतील. सगळ्यांनाच इतके दुखते असे नाही, काहींना याहून जास्तही दुखते. मला मात्र दुखण्यापेक्षा वाट पाहणेच जड गेले.

बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. डावीकडच्या नळीतून औषध निघून पाण्यात शाई पसरावी तसे पोटात पसरले होते. उजवीकडे ते टोकापर्यंत जाऊन थबकले होते. एक वाट उघडी, एक बंद! गर्भाशयालगतच औषध अडले, तर कधी कधी ते नुसते आकुंचन असते आणि पुन्हा तपासावे लागते. पण माझी नळी टोकाशी अडली होती, आणि त्याचे कारण बहुधा चौदाव्या वर्षीच लिहिले गेले होते.

बाहेर आले तेव्हा हे उभेच होते. मी एक बोट वर केले. त्यांना काय समजले कोण जाणे, पण त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. सासूबाईंनी दशमी पुढे केली. दोन दिवस थोडासा डाग लागत होता, मग थांबला. ताप आला, दुखणे वाढले किंवा रक्तस्राव जास्त झाला, तर लगेच या, असे बजावले होते. तशी वेळ आली नाही.

बाई म्हणतात, एका नळीवरही दिवस जाऊ शकतात. पण माझ्या बाबतीत गर्भ नळीतच अडकण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून पाळी चुकताच सोनोग्राफीला यायचे. आणि दोन्ही नळ्या बंद निघाल्या असत्या तरी सारे संपले नसते. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या, म्हणूनच तर डॉक्टरांना ती दुसरी वाट शोधावी लागली.

आज हे लिहीत असताना आमच्या घरी पाळणा नाही. पुढे काय होईल, ते मला ठाऊक नाही. पण परवा एक झाले. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या मानेत गाठ दिसली. तिची आई शाळेत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, कोनाले सांगू नका.” मी तिला माझ्याजवळ बसवले आणि माझी मान दाखवली. आम्ही दोघी मिळून तिच्या मुलीला दवाखान्यात घेऊन गेलो.

शेजारच्या काकूंनी अजूनही विचारले, “काय गं, फोटो दाखवला नाहीस?” त्यांनाही एकदा दाखवणार आहे.